‘मम्मी नेईल की’, हे दुसरीतल्या पोराला कुणी शिकवलं?

लातूरची_मम्मी
काल जेवण झाल्यावर ह्यांनी स्वतःचं ताट उचललं तर आमचं चिरंजीव म्हणतंय, पप्पा राहू द्या, मम्मी नेईल की. आम्ही दोघंही नोकरीला, घरात असं कुणी बोलत नाही, रविवारी भाजी हेच करतात. पण सासूबाई नातवाला पाण्याचा ग्लास पण हातात नेऊन देतात आणि नणंदेची पोरगी सुट्टीला आली की तिला लगेच ‘भाकरी शीक बाई, पुढं जड जातंय’. त्यांना बोलावं तरी कसं, लेकरू त्यांनी सांभाळलं म्हणून तर माझी नोकरी टिकली. कुणाच्या घरात हे बदललंय का, अन् कशानं?

बीडकर_बाप्पा
ताई, बाई कमवायला लागली की घर बदलतं हे मला तरी पटत नाही. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-गट, धरतात. बाई गड्याच्या बरोबरीनं तोडती, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढती, अन् पहाटं उठून भाकरी पण तीच थापती. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मात्र मुकादम गड्याच्या हातात देतो. कोपीवरची, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली, लेकरं हेच बघायलेत ना. आणि शिकल्या-सवरल्या घरांचं पण सांगू नका, आमच्या जिल्ह्यात २००१ ला सहा वर्षापर्यंतच्या हजार पोरांमागं ८९४ पोरी होत्या, २०११ च्या जनगणनेत ८०७ वर आल्या. सोनोग्राफीला पैसे लागतात, निव्वळ गरिबीनं झालं म्हणता येत नाही.

परभणी_ते_पुणे
आमच्या घरात सातबाऱ्यानं बदललं. महाराष्ट्रात १९९४ लाच पोरींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आला, पण आधीच लग्न झालेल्या त्यात नव्हत्या, २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीत त्या पण आल्या. तरी तलाठ्याकडं जायची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, अन् त्या पण माहेर तुटंल म्हणून देतात. आमच्या आत्यानं दिली नाही. भाऊबंदकीत लई बोलणं झालं, दोन दिवाळ्या तिला बोलावलं पण नाही कुणी. आता पीककर्जाला तिची संमती लागती म्हणून का होईना, पप्पा पेरणीच्या आधी फोन करतात, ‘आक्का, औंदा सोयाबीन का तूर?’ माझा धाकटा भाऊ हे ऐकतच मोठा झाला, त्याला त्यात काही वेगळं वाटतच नाही.

गंजगोलाईवाला
लातूरकरांनो २०१६ विसरलात काय? मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आमच्या गल्लीत टँकरपुढं घागरी घेऊन सगळे बाप्येच, बँकेतले साहेब सुद्धा. तेव्हा नाही कुणी म्हणलं बायकांचं काम. पाऊस झाला, नळ आले, अन् घागरी परत बायकांकडं. गरजेनं बदललेलं गरज संपली की जातं.
सासूबाईंचं म्हणाल तर तुम्ही बोलूच नका, सुनेचं बोलणं लागतं. त्यांच्या लेकाला बोलू द्या, अन् पोराच्या देखत.

लातूरची_मम्मी
ह्यांना दाखवलं सगळं. म्हणले बोलतो, पण आईचा बीपी बघून. बघू आता कधी चांगला येतोय बीपी 😅

बीडकर_बाप्पा
आता बोलूस्तोवर तुमचं पोरगं दहावीला जातंय बघा.