मदत हवी आहे: गावची शाळा कंपनीला द्यायचा ठराव येतोय, सही करू का?

बांधावरचा
सोमवारी ग्रामसभा आहे, शाळा कंपनीला द्यायचा ठराव येणार. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, माझी सही मागतायत. खाजगी झाल्यावर फी बसते का? लवकर सांगा, रेंज फक्त टेकाडावर येते.

निवृत्त_गुरुजी
शाळा जिल्हा परिषदेची की संस्थेची? कितवीपर्यंत? पट किती? कंपनीचं पत्र पाहिलंत का?

पूर्वा_पुणे
आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खाजगी शाळांमधल्या २५ टक्के मोफत जागांसाठी अर्ज करा. माझ्या भाचीचा सोडतीत नंबर लागला. २०२४ मध्ये सरकारने बऱ्याच खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, ती जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केली.

बांधावरचा
ताई, जवळची खाजगी शाळा सोळा किलोमीटरवर आहे, एसटी दिवसातून दोनदा. गुरुजी, झेडपीचीच, दुसरी कुणाची असणार? पाचवीपर्यंत, पट ३८. पत्र पाहिलं नाही, सरपंच सांगतात.

सह्यकडा
देऊन टाका. आमच्या शाळेला एका कारखान्याने संडास, पाण्याची टाकी बांधून दिली. त्याआधी तीन पावसाळे पोरं गळक्या वर्गात बसली, गुरुजी फळ्याखाली बादली ठेवून शिकवायचे. राज्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्याच आहेत. रयत शिक्षण संस्था तर १९१९ पासून आहे.

निवृत्त_गुरुजी
रयतचा दाखला इथे लागू होत नाही. अनुदानित शाळा संस्था चालवते, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. अनुदान नसलं की तोच खर्च पालकांच्या खिशातून जातो. फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, हंटर आयोगापुढे, हेच मांडलं होतं, सरकारचा पैसा आधी प्राथमिक शिक्षणावर जाऊ दे.

सह्यकडा
१८८२ चं सांगून छप्पर गळायचं थांबत नाही, गुरुजी.

मालवणी_आई
ह्या सगळ्यापेक्षा सेमी इंग्रजी मागा. आमच्याकडे ते सुरू झालं आणि पट सावरला.

निवृत्त_गुरुजी
सेमीचं वेगळ्या धाग्यावर बोलू. बांधावरचा, तुमचं प्रकरण मला दत्तक शाळा योजनेचं वाटतं, म्हणजे देणगीदार ठराविक वर्षं सरकारी शाळेला मदत करतो. सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय काढून वाचा. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटीची मदत. रोख नाही, वस्तू आणि सेवा. तेवढा काळ शाळेच्या नावाला देणगीदाराचं नाव जोडता येतं, कारभारात हात घालता येत नाही. शाळा झेडपीचीच राहते आणि आठवीपर्यंत फी घेता येत नाही. पण मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका. आणि शिक्षक किती आहेत, ते सांगितलंच नाहीत.

बांधावरचा
दोन. म्हणजे एकच. बाई गेल्या जूनमध्ये बदलून गेल्या, जागा रिकामी आहे. पाचही वर्ग एकाच खोलीत, माझी पोरगी तिसरीत आहे, ती पहिलीच्या मुलांना बाराखडी लिहून देते.

निवृत्त_गुरुजी
मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक द्यावेच लागतात. कंपनी स्क्रीन देईल, पंखे देईल, बाईंची जागा भरणार नाही. ती झेडपीने भरायची.

सह्यकडा
हे मान्य. शिक्षक नसेल तर स्क्रीन कोण लावणार.

बांधावरचा
ग्रामसेवकाकडून मसुदा आणला. रंगकाम, स्क्रीन, कुंपण, कमानीवर कंपनीचं नाव. शिक्षकाचा शब्द नाही. दुसऱ्या शिक्षकाची मागणी त्यातच घालू की वेगळा ठराव करू? सरपंच म्हणतात एकत्र केलं तर कंपनी बिचकेल.

निवृत्त_गुरुजी
वेगळा करा, पण त्याच सभेत आणि आधी. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय कंपनीच्या ठरावावर सही नाही. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

बांधावरचा
ठीक. समितीतल्या बायांना आत्ताच सांगून येतो.