लॅक्स्टनला कोणी गेलंय का? बांध नसलेली शेती बघायचीय

माळरान_दौंड
नमस्कार मंडळी. दोन महिने लेकीकडे नॉटिंगहॅमला आहे. जावई सांगत होते की जवळच लॅक्स्टन नावाचं गाव आहे, तिथे अजून जुन्या पद्धतीची शेती आहे आणि शेतांच्या मधे बांधच नाहीत. मी दौंडकडचा. चुलतभावाशी एका बांधावरून 19 वर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारल्या. बांध नाही, तर कोणाचं कुठपर्यंत हे ठरवतं कोण? नोव्हेंबरात गेलो तर काही दिसेल का?

ट्रेंटकाठ
काका, नोव्हेंबरअखेरीलाच जा. मी तीनदा गेले, त्यातली ती फेरी खरी.

तिथे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी रानं आहेत. एकात थंडीचा गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी बदलते. प्रत्येकाचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले. नोव्हेंबरच्या शेवटी गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी नवा गहू पेरलेलं रान पायी फिरते आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकते. कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक वाटेत नांगर घातला असेल तर तिथेच धरला जातो. मग आठवड्याभराने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ म्हणजे जुन्या पद्धतीचं गावकोर्ट भरतं. दंड तिथे ठरतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. वकील लागत नाही. ज्युरीतल्यांनीही उद्या त्याच मातीत नांगर धरायचा असतो, म्हणून त्यांचं ऐकलं जातं, असं मला वाटतं.

पट्ट्यांमधल्या नांगरता न येणाऱ्या गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो.

घरंही बघा. रानात वस्ती नाही, शेतकऱ्यांची घरं गावातल्या रस्त्यालगत, आपल्या गावठाणासारखी. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी मूर्तींमध्ये एका स्त्रीची ओक लाकडाची मूर्ती आहे, चौदाव्या शतकातली. मी तिच्यापाशी बराच वेळ थांबले. गावाच्या उत्तरेला जुन्या किल्ल्याची मातीची टेकडी आहे.

वावर_ते_वेल्स
एक भर घालतो. लॅक्स्टनचे शेतकरी कुळं आहेत, जमीन त्यांच्या मालकीची नाही. 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्स या जमीनदार घराण्याकडून ती सरकारच्या शेतीखात्याने घेतली, 1981 पासून राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे होती, 2020 मध्ये जवळच्या थोर्सबी इस्टेट या खासगी जहागिरीने घेतली. बाकी इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कायदे करून अशी रानं कुंपणात वाटून टाकली, इथे ते पूर्ण झालं नाही. त्यामुळे ‘आपल्याकडेही असंच करू’ म्हणताना सातबारा विसरू नये. लॅक्स्टनचा 1635 सालचा मार्क पियर्सने काढलेला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात आहे, त्यात प्रत्येक पट्टा काढलाय.

अंगणवेल
इंग्लंडातल्या गावांबद्दल वाचताना ‘पॅरिश’ हा शब्द येतो. पॅरिश म्हणजे नक्की काय? चर्चची हद्द की ग्रामपंचायत?

ट्रेंटकाठ
ताई, दोन्ही. चर्चची पॅरिश फार जुनी. 1894 च्या कायद्याने गावकारभाराची पॅरिश कौन्सिल आली. लॅक्स्टनच्या पॅरिशमध्ये मूरहाउस ही छोटी वाडीही येते.

माळरान_दौंड
काल जाऊन आलो. पोरी, तू सांगितलंस म्हणून खुंट्या ओळखता आल्या. एका खुंटीपाशी वाकून बघितलं. दोन्ही बाजूंना गहू बोटभर उगवलेला, मधे ना दगड ना बांध, आणि नांगराची तासं खुंटीला धरून सरळ गेलेली. रस्त्यावर एक म्हातारे शेतकरी भेटले. ज्युरीत होतात का, असं जावयाला विचारायला लावलं. म्हणाले, हो, अनेकदा. मी विचारलं, भावाला दंड केलाय का कधी? ते हसले आणि म्हणाले, केलाय, आणि त्यानेही मला केलाय.

जाणाऱ्यांनी गमबूट न्या. चिखल घोट्यापर्यंत आहे.