सिस्टर नुसतं बटण दाबून का जाते?

म्हापशाच्या ताईंनी विचारलंय, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, भाच्याचा मॉनिटर सारखा वाजतो आणि सिस्टर बटण दाबून निघून जाते, हे बरोबर का? मी इथेच गोव्यात एका इस्पितळात सिस्टरचंच काम करते, म्हणून लिहिते.

बटण दाबण्याआधी ती बाळाकडे बघते, ते पटकन लक्षात येत नाही. पायाला लाल दिव्याची पट्टी असते ना, बाळाने पाय झाडला की ती सरकते आणि मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा धाडकन खाली येतो. ओठ गुलाबी, छाती हलतेय, मग पट्टी नीट बसवली की झालं. खरी धास्ती ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्यांची. ती श्वास घ्यायचंच विसरतात. २० सेकंदांच्या वर गेलं किंवा ठोके मंदावले, की आम्ही तळवा किंवा पाठ चोळतो, बहुतेकदा तेवढ्यावर श्वास सुरू होतो. कॅफिनचं औषध त्यासाठीच, हो, कॉफीतलंच!

कुणी असंही विचारलंय, ऑक्सिजनचा आकडा १०० का ठेवत नाहीत? ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवतात. जास्तीच्या ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोळे तपासून घ्या, घरी सोडलं असलं तरी. पेडणे-काणकोणहून लांब पडतं म्हणून लोक पुढे ढकलतात, ते मात्र करू नका.

आणि कांगारू केअरचं, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरण्याचं, डॉक्टरांना विचारा. बाबालाही जमतं, फक्त अंगठी-घड्याळ काढून, हात कोपरापर्यंत धुऊन.