युद्धाच्या आठवणी इतिहासात धरायच्या का?

अर्धविराम: सैनिकांनी मागाहून लिहिलेल्या आठवणी पुरावा म्हणून वापरायला माझा विरोध आहे. त्यांत थापा असतात म्हणून नव्हे, त्यांच्या रचनेमुळे. खंदकातल्या माणसाला उद्याचं ठाऊक नसतं. पुस्तक लिहायला बसलेल्याला शेवट ठाऊक असतो. मग सुरुवातीचा भाबडेपणा जास्तच भाबडा होतो, मरणाऱ्या मित्राचं शेवटचं बोलणं नेमकं अर्थपूर्ण निघतं आणि महिनोन्‌महिन्यांचा कंटाळा दोन ओळींत उरकतो. ही कादंबरीचीच कारागिरी.

खडूफळा: असहमत. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज, त्याच्या 'गुडबाय टू ऑल दॅट' या आठवणींवर (१९२९) ससून आणि ब्लंडन हे कवी, दोघंही त्याच युद्धातले, इतके भडकले की एका प्रतीचे समास दुरुस्त्यांनी भरून टाकले. ग्रेव्हजचं म्हणणं असं, की खंदकातलं सगळ्यात वाईट भोगलेल्याच्या आठवणींत खोटं भरपूर नसेल तर त्या खऱ्याच नव्हेत. तोफांच्या माऱ्याखाली क्रम घोटाळणारच. तो घोटाळाही पुरावाच आहे.

तळटीप: फारच सोयीचं झालं हे! झाँ नॉर्तों क्रू स्वतः वर्दँला लढलेला. त्याने १९२९ साली फ्रेंच सैनिकांची तीनशेच्या आसपास पुस्तकं तपासली. लेखक कधी, कुठे, कुठल्या तुकडीत होता इथपासून. प्रेतांचे ढीग, रक्ताचे पाट, संगिनींच्या झटापटी यांतलं बरंचसं त्याला ऐकीव दंतकथांचं वाटलं. बार्ब्युससारख्या गाजलेल्या कादंबरीकारालाही त्याने सोडलं नाही.

अर्धविराम: पण क्रू चाळून उरलेली पुस्तकं इतिहासाला देतच होता. माझी अडचण त्या उरलेल्यांचीच आहे. प्रामाणिक माणूसही गोष्ट रचतोच.

खडूफळा: रचू दे की. जर्मन सैनिक अर्न्स्ट युंगरचं त्याच युद्धावरचं पुस्तक १९२० साली रोजनिशीवरून आलं, मग आवृत्तीगणिक बदललं. १९२४ मध्ये राष्ट्रवाद चढला, पुढे उतरवला. मूळ वह्या २०१० साली छापून आल्या. आता शेजारी ठेवून पाहा, काय गाळलं नि केव्हा. युद्धानंतरच्या जर्मनीबद्दल हा अस्सल पुरावा आहे.

मोरपंखी: आणि गोडसे भटजी? १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होते. लिहिलं पुष्कळ वर्षांनी, १९०७ साली छापताना चिं. वि. वैद्यांनी त्यावर हात फिरवला. तरी झाशीवर लिहिणाऱ्याला 'माझा प्रवास' टाळून दाखवा!

अर्धविराम: टाळू नकाच. शहर पडल्यावरची लूट त्यांच्याकडूनच घ्या. संवाद तेवढे अवतरणात टाकू नका.