मदत हवी आहे: एका हातानं उघडणारा, स्प्रिंगवाला घडीचा चाकू, दीड-दोन हजारांत

सोनाका_तासगाव
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत दिवसभर खिशात राहील असा घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं अशी: १६ एमएमची ठिबकची लॅटरल (ओळीतली बारीक नळी) कापणं, बांधणीची सुतळी तोडणं, खताच्या पोत्यांची शिवण उसवणं, शेडनेट नि प्लॅस्टिक कागद कापणं. छाटणी कात्रीनंच होते, त्यामुळे काड्या कापायच्या नाहीत. एक हात कायम ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) नाहीतर नळीवर अडकलेला असतो, म्हणून दुसऱ्या हातानं एकट्यानं उघडता आला पाहिजे. ऑनलाइन बघितलं तर ‘असिस्टेड ओपनिंग’ नावाचे ढीगभर चाकू दिसतात. तीन शंका आहेत. हा प्रकार आणि खटक्याचा चाकू एकच का, आणि खिशात बाळगलेला चालतो का? दीड-दोन हजारांत घ्यायचा तर नेमकं काय बघायचं? आणि धूळ, गंधक, औषधाचे हात यात ती स्प्रिंग टिकते का?

कुपवाड_एमआयडीसी
पहिल्या शंकेचं यंत्राच्या बाजूनं उत्तर देतो.

खटक्याच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि एक खीळ त्याला अडवून धरते. मुठीवरचं बटण दाबलं की खीळ सुटते, पातं आपोआप बाहेर येतं. असिस्टेडमध्ये उलट आहे. पातं मिटलेलं असताना स्प्रिंग त्याला आतच दाबून ठेवते. तुम्ही पात्यावरच्या खुंटीला अंगठ्यानं, किंवा पात्याच्या बुडाशी मागे आलेल्या शेपटीला तर्जनीनं ढकलायचं. साधारण ३० अंशांपर्यंत पातं तुमच्या बोटाच्या जोरावर येतं. तो टप्पा ओलांडला की स्प्रिंगची ओढ फिरते आणि उरलेला फेरा ती पूर्ण करते. म्हणजे सुरुवात हाताची, शेवट स्प्रिंगचा. स्प्रिंग बहुधा वाकवलेल्या बारीक तारेची असते, मुठीच्या आत पातळ खाचेत बसवलेली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, ती विक्रीच्या पानावर कुणी लिहीत नाही. बऱ्याच मॉडेलांत पातं मिटलेलं ठेवायचं कामही तीच तार करते. तार तुटली तर चाकू ‘नुसता हातानं उघडायचा’ होत नाही, तो खिशात आपोआप उघडणारा होतो. तुटलेल्या तारेचा चाकू एक दिवसही खिशात ठेवू नका.

विश्रामबाग
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. तुम्हाला हवं ते पातं तीन-सव्वातीन इंचांचं, म्हणजे त्या मापाच्या कितीतरी आत.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा चाकू जवळ बाळगण्यावरच बंदी येते, तिथे पात्याची लांबी विचारात घेत नाहीत. मोडल्यास कलम १३५ लागतं. सण, मोर्चे, निवडणुका या काळात असे आदेश निघतात. तेव्हा बागेतून निघताना चाकू हत्यारांच्या पेटीत ठेवायची सवय लावा. बाजार समितीत, कोर्टात, कलेक्टर कचेरीत जाताना तर खिशात नकोच. रस्त्यावरच्या तपासणीत ‘स्प्रिंग अर्धीच आहे’ हा खुलासा कुणी ऐकून घेत बसत नाही. विमानाचं म्हणाल तर चाकू केबिनच्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून टाकायचा.

सोनाका_तासगाव
दोघांचेही आभार. हे असं एक दिसलं: ‘सर्जिकल स्टेनलेस स्टील ४४०, लायनर लॉक, पातं ९ सेंमी, ॲल्युमिनियम मूठ, काच फोडायचं टोक, दोरी कापायची खाच’, किंमत ८०० च्या आत. घ्यावा का?

कुपवाड_एमआयडीसी
घेऊ नका. ‘सर्जिकल’ हा शब्द पोलादाची जात सांगत नाही. नुसतं ‘४४०’ असेल तर ते ४४०सी धरून चालू नका. ए, बी, सी यांत कार्बन वेगवेगळा असतो आणि धार टिकणं त्यावरच आहे. पोलाद असं निवडा:

३सीआर१३ किंवा ४२०: मऊ. गंजाला चांगलं, पण प्लॅस्टिकच्या गोणपाटाची शिवण दोन दिवस उसवली की धार बसते. दगडावर चार हात मारले की परत येते, एवढी त्याची जमेची बाजू.

८सीआर१३एमओव्ही: तुमच्या बजेटमध्ये हेच बघा. कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम १३ च्या आसपास. नीट पाणी दिलेलं असेल तर कडकपणा ५७ ते ५९ एचआरसी (रॉकवेल मापात). धार घरी लावता येते, गंज सहसा धरत नाही.

१४सी२८एन: स्वीडिश, वरच्यापेक्षा सरस, गंजाला फारच चिवट. मिळालं तर डोळे झाकून घ्या.

डी२: धार पुष्कळ टिकते म्हणून स्वस्त चाकूंत याची आता फार जाहिरात असते. पण हे पुरतं स्टेनलेस नाही. द्राक्षाच्या रसातलं आम्ल, घाम आणि ओला खिसा एवढं त्याला पुरतं. सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. बागेसाठी नको.

‘स्टेनलेस आहे, आता काही होत नाही’ असंही समजू नका. म्युरेट ऑफ पोटॅश खताच्या पोत्याला लावलेलं पातं न धुता मिटलं तर त्यातल्या क्लोराइडनं स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. मोरचुदाचं पाणी तर साध्या कार्बन पोलादावर तांब्याचा लालसर थर चढवतं आणि खालून लोखंड खातं. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) दिवशी चाकू साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, उघडा वाळवून मगच मिटायचा.

काच फोडायचं टोक आणि दोरीची खाच यांनी तुमचं काम होत नाही. दातेरी पातंही नको. सुतळी ते छान तोडतं, पण लॅटरलचा काप फाटका येतो आणि जॉइनर गळतो. नळी नेहमी सरळ धारेनं, काटकोनात कापायची.

पलूस_ठिबक
लॅटरलवरून आठवलं म्हणून मापाचं सांगतो. पातं ७ ते ८.५ सेंमी, पाठीला जाडी अडीच-तीन मिलिमीटर. साडेतीन मिलिमीटरचं जाडजूड पातं हातात भक्कम वाटतं, पण नळीत शिरताना पाचरीसारखं अडतं, आणि मग जोर लावावा लागतो. हात घसरून कापतो तो अशा जोरानंच. मूठ जी-१० (राळेत दाबलेलं काचतंतूचं कापड) किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, खरखरीत. गुळगुळीत ॲल्युमिनियम ओल्या हातात सटकतं. खुंटीपेक्षा शेपटीवाला बघा. चाकू उघडल्यावर ती शेपटी खाली येऊन बोटाला आडवी उभी राहते, हात धारेवर घसरत नाही.

कुपवाड_एमआयडीसी
आता पार्सल आल्यावरची तपासणी. हे सगळं परत करायच्या मुदतीत करा.

पातं पूर्ण उघडा आणि मुठीत वरून बघा. लायनर लॉकमध्ये मुठीची आतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आत आलेली हवी. जेमतेम काठाला टेकत असेल तर दाबाखाली सटकेल आणि पातं बोटांवर मिटेल. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडत असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. दोन्ही परत पाठवा.

मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, उघड्या पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा आणि हळूहळू वजन द्या. आपटू नका, आपटून चांगली कुलपंही बिघडतात. पट्टी तसूभरही सरकली नाही पाहिजे.

पात्याचं टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. बारीक हलत असेल तर पातं जिच्याभोवती फिरतं त्या खिळीचा स्क्रू सैल आहे, तो आवळता येतो. वर-खाली हलत असेल तर दोष कुलपात आहे, तो घरी जात नाही.

चाकू मिटून, पातं बाहेर येतं ती फट जमिनीकडे करून मनगटानं दोन झटके द्या. पातं बाहेर डोकावलं तर स्प्रिंगची आतली पकड कमजोर आहे. असा चाकू खिशात मांडी कापतो.

शेवटी वीस-पंचवीस वेळा उघडा. प्रत्येक वेळी ‘खट्’ आवाजासह कुलूप बसलं पाहिजे. मध्येच अडकत असेल तर परत पाठवण्याआधी स्वतःची पकड बघा: पुष्कळ जण मूठ धरताना बोटांनी ती कुलपाची पट्टीच दाबतात, त्यानं पातं जखडतं. बोटं क्लिपवर किंवा कडेला ठेवून पुन्हा करा.

सोनाका_तासगाव
हे छापून ठेवण्यासारखं आहे. आता तिसरी शंका: धूळ आणि निगा?

पलूस_ठिबक
धूळ हाच स्प्रिंगवाल्याचा खरा शत्रू. गंधकाची भुकटी नि माती तारेच्या खाचेत बसली की पातं तीन-चतुर्थांश येऊन थांबतं. अर्धवट उघडलेलं पातं कुलूप न लागता कामाला लावणं सगळ्यात धोक्याचं. उपाय: आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, चाकू उघड-मीट करत धुवायचा, फवारणीच्या पंपाची नव्हे तर सायकलच्या पंपाची हवा मारायची, वाळला की खिळीच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब. जास्त तेल ओतलं की त्यावरच धूळ चिकटून लगदा होतो. खोबरेल नको, ते चिकट होतं.

खिळीचा स्क्रू बहुधा टी-६ किंवा टी-८ स्टार बिटचा असतो. आवळताना एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, मग उघडून बघायचं. जास्त आवळला की स्प्रिंगला पातं ओढवत नाही, सैल राहिला की पातं डुलतं. जागा सापडली की स्क्रू काढून आट्यांना टाचणीच्या टोकाएवढा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकटद्रव) लावा. लाल लावू नका, तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. मूठ पूर्ण खोलायची असेल तर तार उडते, डोळ्यांना चष्मा लावून खोला.

मिरज_जंक्शन
धारेबद्दल एक कळकळीची विनंती. नवा चाकू रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर देऊ नका. कोरड्या चाकावर कड क्षणात तापते. तिथे तपकिरी-निळी झाक दिसली की त्या जागेचं पाणी उतरलं, मग कितीही घासा, धार टिकायची नाही. आपल्या मिरजेतली तंतुवाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार-पाणी करणारी. पोलाद तापू द्यायचं नाही ही या भागातली जुनी जाण आहे. घरी १००० नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. दगड दहा मिनिटं भिजवा. पातं दगडाशी साधारण २० अंशांत: वहीच्या पानाचा काटकोनी कोपरा निम्म्यावर एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस, तो कोन डोळ्यांसमोर ठेवा. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक किनार लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीकडून दहा-दहा हात.

आणि या चाकूनं कलमं बांधू नका. कलमाचा चाकू एका बाजूनंच तासलेला असतो, म्हणून काप सपाट येतो. दोन्हीकडून धार असलेल्या पात्यानं डोळा भरताना काप पोकळ राहतो.

कुपवाड_एमआयडीसी
माझं प्रामाणिक मत शेवटी सांगतो. दोन हजारांच्या आत नावाजलेल्या परदेशी कंपनीचा असिस्टेड दिसला तर तो नकली असण्याचीच शक्यता धरा. पात्यावरचं नाव फिकट छापलेलं, खोक्यावर मॉडेल नंबर नाही, पोलादाचं नाव पात्यावर नाही, या खुणा. त्याच पैशात स्प्रिंग नसलेला, ८सीआर१३एमओव्हीचा, शेपटीचा किंवा अंगठ्याच्या खुंटीचा साधा लायनर लॉक चांगल्या घडणीचा मिळतो. एका हातानं तोही उघडतो, सेकंदाचा फरक पडतो. तुटायला तार नाही, धूळ साचायला खाच नाही. मिटलेलं पातं धरायला पट्टीत बसवलेली छोटी गोळी असते, ती तुटत नाही. ओपिनेल (लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू) चांगला आणि हलका, पण त्याला उघडायला नि कडं फिरवायला दोन हात लागतात, म्हणून तुमच्या कामाला सुचवत नाही.

सोनाका_तासगाव
पटलं. स्प्रिंग नसलेला, शेपटीवाला, ८ सेंमी, जी-१० मूठ असा शोधतो. एकच विचारायचं राहिलं: मिटतानाही एक हातच मोकळा असतो. लायनर लॉक एका हातानं मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच येतो ना?

पलूस_ठिबक
येतो, म्हणून दोन टप्प्यांत मिटायचा. अंगठ्यानं पट्टी बाजूला दाबा, पात्याची पाठ मांडीवर टेकवून पातं फक्त थोडं आत ढकला. शेपटी तर्जनीच्या बाजूला टेकते आणि पातं तिथेच थांबतं, धार अंगठ्यापर्यंत येत नाही. आता अंगठा पूर्ण बाहेर काढा, तर्जनी शेपटीखालून सोडा आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवून मिटवा. पहिले दोन दिवस धारेवर चिकटपट्टी लावून हे पन्नासेक वेळा करून घ्या.