आई-वडिलांचं शिक्षण आणि आपली वाट : तुमचे अनुभव

माझी पणजी पुण्याच्या बुधवार पेठेत वाढली. १८४८ साली मुलींची शाळा निघाली तो भिडे वाडा तिच्या दारापासून पाच मिनिटांवर, तरी ती जन्मभर अंगठाच उठवत राहिली. शाळा जवळ असून भागत नाही, घरातून कुणीतरी पाठवावं लागतं. तुमच्या घरात काय झालं? मोकळेपणानं लिहा.

अप्पर इंदिरानगर
आई चौथी, वडील मार्केट यार्डात हमाल. अभ्यास कर म्हणून दोघंही रोज मागं लागायचे. पण अकरावीच्या फॉर्ममध्ये पसंतीक्रम कसा लावायचा, हे घरात कुणाला ठाऊक असणार? सायबर कॅफेवाल्यानं सांगितली ती कॉलेजं भरली. गणितात ब्याण्णव असून कॉमर्स घेतलं, कारण शेजारचा दादा कॉमर्सला होता. पुढं आरक्षणासाठी नॉन क्रीमी लेयरचा दाखला लागतो हे कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. माझ्याच बाकावरच्या प्राध्यापकांच्या मुलाला हे सगळं जेवता जेवता कळायचं. हुशारीत आम्ही बरोबरीचे होतो, हे मला आजही लागतं.
आई प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी रद्दी कागदावर दोनदा नाव गिरवायची. मग पदराला हात पुसून पेन धरायची. ती पुस्तकं मी जपून ठेवलीत.

कोथरूड
माझे आई-बाबा दोघंही डॉक्टर. मला इतिहास आवडायचा, तरी डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली. शेवटी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. होतं, ही माहिती बाबांनीच काढून आणली. वरचा अनुभव वाचून वाटलं, माझी दोन वर्षं वाया गेली ती घराला परवडली. त्यांना एक मुदतही चुकवणं परवडलं नाही.

कसबा
वडील सातवी, पण रोजचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. आम्ही चौघंही पदवीधर झालो.

येरवडा
आठवीत शाळा सुटली, लग्न झालं. थोरली नववीत गेली तेव्हा बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. स्वयंपाक उरकला की ओट्यापाशीच ती मला बीजगणित शिकवायची. पहिल्या खेपेला गणित राहिलं, दुसऱ्यांदा सुटलं. आधी पालकसभेत मी दारापाशी उभी राहायचे, बाईंनी काही विचारू नये म्हणून. आता धाकटीच्या सभेला पुढच्या बाकावर बसते आणि स्कॉलरशिपचा फॉर्म कधी निघतो ते मीच विचारते.