मदत हवी आहे: कोकणात गोल खोली आणि कौलं घातलेला स्लॅब, पावसात टिकेल का?

नमस्कार मंडळी,
राजापूरजवळ आमची वडिलोपार्जित जागा आहे. जुनं घर गेल्या वर्षी उतरवलं, वाशांना वाळवी लागली होती, इलाजच नव्हता. आता तिथे दोन खोल्या बांधायच्यात, एक आमच्यासाठी आणि एक पाहुण्यांना राहायला द्यायला.

मध्ये तिरुवनंतपुरमला गेलो होतो, तिथे बस स्टँडजवळचं वास्तुविशारद लॉरी बेकरांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाऊस बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. विटांचा गोल मनोरा, आत जिना नाही, गोल गोल चढत जाणारा उतार आणि त्याच्या कडेनेच बांधीव टेबलं-बाकं, भिंतीला जाळी ठेवलीये तिच्यातून वारा इतका येतो की भर दुपारी बरं वाटतं. बेकर म्हणजे १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला माणूस, पण आयुष्य इथे काढलं, जिथे जे मिळतं त्यात बांधलं.

त्यांचा फिलर स्लॅब मला करायचाय. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं वजन, म्हणून सळयांच्या चौकोनांत मंगलोरी कौलं एकावर एक अशी जोडीने ठेवून वरून काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचतं, दोन कौलांमधल्या हवेमुळे ऊन कमी लागतं आणि खालून कौलं दिसत राहतात. आमच्या जुन्या घराची कौलं मांगराशेजारी रचून ठेवलीयेत, ती आजोबांच्या हातची आहेत, विकायला जीव होत नाही, ती परत डोक्यावर यावीत असं फार वाटतं.

पण कंत्राटदार म्हणतो गळणार, गॅरंटी देत नाही, साधा स्लॅब टाका आणि वर पत्रा मारा. बाबांचा प्रश्न वेगळाच, गोल घराला वळचण कुठली, पागोळ्या पडणार कुठे? कुणी कोकणात केलंय का असं? आणि चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांत, गोल भिंत बसते का?

चिरेखाण (प्रतिसाद): आमच्याकडे चार महिन्यांत ३००० मिमीच्या आसपास पाऊस, सपाट स्लॅब कुठलाही असो पाणी साचलं की गळतो, त्यात कौलांचा दोष नाही. उतार द्या. आणि गोल नको, अष्टकोन करा. ६० फूट भिंतीत चौरस खोली २२५ चौरस फूट, गोल २८६ आणि अष्टकोन २७१. पंधरा चौरस फुटांसाठी प्रत्येक चिरा तासत बसणार का? अष्टकोनात फक्त आठ कोपरे नीट जुळवायचे. विटा मागवू नका, तिथे चिरा असताना.

माजघर (प्रतिसाद): अष्टकोनी उतरता स्लॅब केलात तर चारी बाजूंनी निदान अडीच फूट बाहेर काढा, बाबांच्या पागोळ्या तिथे पडतील. पागोळीखाली चिऱ्याचा पाट बांधून पाणी विहिरीकडे न्या. कौलं आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला नाहीतर ती काँक्रीटचं पाणी शोषून घेतात, हे सेंट्रिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) हमखास विसरतात. तडा आहे का ते वाजवून बघा, चांगलं कौल खणखणतं, फुटकं बद्द वाजतं. आणि ६० फूट भिंतीच्या अष्टकोनात १८-१९ फुटांचा गाळा (स्लॅबखालचं आधाराविना अंतर) आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगशिवाय एक सळई बांधू नका.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. अष्टकोन पक्का, बाबाही वळचणीचं ऐकून तयार झाले. सकाळपासून ते एकेक कौल टिचकी मारून बघतायत, दुपारपर्यंत ३१२ चांगली निघाली, अजून अर्धी रास बाकी आहे. आता रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडचा फिलर स्लॅब केलेला इंजिनिअर आणि सेंट्रिंगची टीम कुणाला माहीत असेल तर प्लीज व्यक्तिगत निरोप करा, दिवाळीनंतर जोत्याचं काम सुरू करायचंय.